लिहून ठेवलेली आज्ञा

मोठमोठ्या यंत्रांचे इतिहास लिहिले जातात. परंतु त्या यंत्रांपाशीं रात्रंदिवस बसून त्यांचा कारभार पाहणाऱ्या माणसानें आपला भार हलका करण्यासाठीं ज्या युक्त्या काढल्या, त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. रेल्वेच्या इंजिनाचें कौतुक सर्वांना असतें. सांधेवाल्याच्या दांड्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. संगणकाच्या बाबतींतहि असेंच झालें आहे. बँक असो, विद्यापीठ असो कीं रेल्वेची आरक्षण-कचेरी असो, तेथील संगणकांच्या पाठीमागें कोणी एक कारभारी बसलेला असतो. नवीन माणूस नोकरीस लागला कीं त्याचें खातें उघडावयाचें. तो गेला कीं बंद करावयाचें. रोज रात्रीं दप्तराची नक्कल काढून निराळ्या ठिकाणीं ठेवावयाची. साठवणीची जागा भरत आली कीं काय तें पाहावयाचें. जुन्या नोंदी काढून टाकावयाच्या. यांतील एकहि काम फारसें कठीण नाहीं. परंतु तें एकदां करणें निराळें, आणि ५०० यंत्रांवर, वर्षाचे ३६५ दिवस, एकहि चूक न करतां करणें निराळें.

या कामावर कारभाऱ्यानें जो उपाय काढला तो ऐकावयास अगदीं साधा आहे. ज्या आज्ञा आपण यंत्राला रोज टंकून देतों, त्या यंत्रांतल्याच एका फाइलींत क्रमवार लिहून ठेवावयाच्या, आणि ‘ही फाइल वाच व तसें वाग’ एवढी एकच आज्ञा द्यावयाची. अशा फाइलीला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. आम्ही तिला येथें आज्ञालेख म्हणूं. आज्ञा वाचून ती यंत्राकडून पार पाडून घेणारा जो प्रोग्रॅम असतो त्याचें नांव ‘शेल’. आज्ञा माणसाच्या बोटांतून आली कीं फाइलींतून आली, हा भेद शेलनें करूं नये, या एका तत्त्वावर ही सारी विद्या उभी आहे. तिचें सामर्थ्य याच तत्त्वांत आहे. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें तिचा घातहि यांतूनच संभवतो.

संगणकाच्या पहिल्या काळांत या उपायाची गरजच नव्हती, कारण यंत्राशीं संभाषण असें कांहीं नव्हतें. आपलें काम छिद्रें पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर लिहून यंत्रशाळेंत द्यावयाचें, आणि कांहीं तासांनीं किंवा दुसऱ्या दिवशीं उत्तराचा कागद घेऊन यावयाचें, असा रिवाज होता. १९६१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एक नवी व्यवस्था करून दाखविली. एकाच संगणकाचा वेळ अनेकांना इतक्या बारीक तुकड्यांनीं वांटून द्यावयाचा कीं प्रत्येकाला यंत्र आपल्याच तैनातीस आहे असें वाटावें, ही तिची कल्पना. ‘सीटीएसएस’ हें तिचें आद्याक्षरी नांव. आतां माणूस कळफलकासमोर बसला. आज्ञा टंकावी, उत्तर वाचावें, पुन्हां आज्ञा टंकावी, असा संवाद सुरू झाला. आणि संवादाबरोबर पुनरुक्तीहि आली.

लुई पूझां नांवाचे एक फ्रेंच अभियंते त्या सुमारास या संस्थेंत काम करीत होते. या व्यवस्थेसाठीं त्यांनीं डझनावारी आज्ञा तयार केल्या होत्या. तें करतां करतां त्यांना असें वाटूं लागलें कीं घडविलेल्या विटा जशा पुढच्या भिंतीच्या उपयोगीं पडतात, तशा तयार आज्ञा नव्या आज्ञा रचण्याच्या उपयोगीं पडल्या पाहिजेत. या विचारांतून त्यांनीं १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ हा प्रोग्रॅम लिहिला. फाइलींत लिहिलेल्या आज्ञा तो एकामागून एक चालवीत असे. शिवाय, आज्ञांमध्यें मोकळ्या ठेवलेल्या जागीं त्या त्या वेळचीं नांवें भरण्याची सोय त्यांत होती. छापील दाखल्यावर नांव व तारीख तेवढी हातानें भरावी, तसाच हा प्रकार. या प्रोग्रॅमची एक खूण अद्याप टिकून आहे. आजच्या अनेक यंत्रांत आरंभींच्या आज्ञा ज्या फाइलींत ठेवतात तिच्या नांवाच्या शेवटीं ‘आरसी’ हीं दोन अक्षरें येतात. तीं ‘रनकॉम’ या शब्दाचींच उरलेलीं अक्षरें होत.

सीटीएसएसच्या मागून ‘मल्टिक्स’ या फार मोठ्या व्यवस्थेची आंखणी सुरू झाली, तेव्हां स्वदेशीं परतण्यापूर्वीं पूझां यांनीं १९६५ सालीं तिच्यासाठीं एक टिपण लिहून ठेवलें. त्यांत त्यांनीं ‘शेल’, म्हणजे कवच, हा शब्द प्रथम योजिला. आज्ञा वाचणारा भाग यंत्राच्या गाभ्यांत पुरलेला नसावा; तो इतर प्रोग्रॅमांसारखाच एक प्रोग्रॅम असावा, आणि न आवडल्यास ज्यानें त्यानें आपला दुसरा लिहावा, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या टिपणावरून मल्टिक्सचा पहिला शेल प्रत्यक्षांत उतरविला तो ग्लेंडा श्रोडर या बाईंनीं. पूझां पुढें फ्रान्समधील ‘सिक्लाद’ या संगणक-जाळ्याचे प्रवर्तक म्हणून नांवाजले. परंतु आज जगांतील लक्षावधि कारभारी रोज ज्या शब्दाचा उच्चार करतात, तो शब्द त्यांनीं या टिपणांत मागें ठेवला होता.

मल्टिक्सचा व्याप वाढतच गेला. तेव्हां १९६९ सालीं बेल लॅबोरेटरीज या संस्थेनें त्यांतून अंग काढून घेतलें. तेथील केन थॉम्प्सन यांनीं बाजूस पडलेल्या ‘पीडीपी-७’ नांवाच्या लहानशा यंत्रावर स्वतःची एक आटोपशीर व्यवस्था रचावयास घेतली. डेनिस रिची हे त्यांचे जोडीदार. हेंच पुढें ‘युनिक्स’ या नांवानें प्रसिद्ध झालें. दारिद्र्य हेंच कधीं कधीं चांगल्या रचनेचें कारण होतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे. यंत्राची स्मृति तोकडी होती. त्या काळीं वापरांत असलेलें टेलिटाइप यंत्र सेकंदाला फार तर १० अक्षरें छापी, आणि त्याच्या कळा बोटांनीं जोर लावून दाबाव्या लागत. म्हणून आज्ञांचीं नांवें दोन-दोन अक्षरांचीं झालीं: यादी दाखविण्यास ‘एल-एस’, नक्कल करण्यास ‘सी-पी’, पुसून टाकण्यास ‘आर-एम’. नवख्याला हीं नांवें आजहि गूढ मंत्रांसारखीं वाटतात. त्यांच्या मुळाशीं संथ छापखाना आणि थकलेलीं बोटें यांपलीकडे कांहीं नाहीं.

थॉम्प्सन यांचा शेल १९७१ च्या पहिल्या आवृत्तींत होता. पूझां यांची इच्छा त्यांत अक्षरशः उतरली. शेल हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम झाला. त्याला आज्ञा कळफलकावरून येवोत कीं फाइलींतून येवोत, तो एक ओळ वाची, पार पाडी, आणि पुढची वाची. अमुक खुणेपाशीं उडी मार अशी ‘गोटू’ ही आज्ञा होती, ती तर शेलच्या बाहेरचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम होती. शेल ज्या फाइलींतून वाचीत असे तिच्यांतील वाचनाची जागाच ती पुढें-मागें सरकवी, आणि शेल बिचारा तेथून पुढें वाचूं लागे! पोथी वाचणाऱ्याच्या नकळत कोणी पान उलटावें तसें हें होतें. शेल सगळा लेख अगोदर वाचून घेत नाहीं, वाचतां वाचतां करतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिचा प्रसंग पुढें येणार आहे.

यानंतर जी सुधारणा झाली तिनें आज्ञालेखाला खरें बळ दिलें. बेल लॅबोरेटरीजमधील डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६४ च्या ऑक्टोबरांतच एका टिपणांत सुचविलें होतें कीं बागेंतील रबरी नळीला जसा हवा तेव्हां आणखी एक तुकडा जोडतां येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडतां आले पाहिजेत. ही गोष्ट ते वर्षानुवर्षें बोलत राहिले. अखेर १९७३ च्या जानेवारींत थॉम्प्सन यांनीं एका रात्रींत ती यंत्रांत घालून दिली. एका प्रोग्रॅमचें जें उत्तर, तेंच दुसऱ्याचें साहित्य. मध्यें कागद नाहीं, फाइल नाहीं. यालाच ‘पाइप’ म्हणतात. पहिल्यानें त्याची खूण ओबडधोबड होती. लंडन येथें व्याख्यान द्यावयाचें असतां ती दाखविण्याची थॉम्प्सन यांना लाज वाटली, आणि त्यांनीं आजची एक उभी रेघ योजिली, असें सांगतात.

याचा उपयोग कसा, हें एका उदाहरणावरून कळेल. एखाद्या लांबलचक निबंधांतील शुद्धलेखनाच्या चुका शोधावयाच्या आहेत. एक प्रोग्रॅम निबंधाचे शब्द सुटे करून एकेका ओळीवर मांडतो. दुसरा ते अकारविल्हे लावतो. तिसरा एकच शब्द अनेकदां आला असल्यास तो एकदांच ठेवतो. चौथा उरलेली यादी कोशांतील यादीशीं ताडून, कोशांत नसलेले शब्द तेवढे दाखवितो. या चौघांपैकीं एकालाहि निबंध म्हणजे काय किंवा शुद्धलेखन म्हणजे काय तें ठाऊक नाहीं. प्रत्येकाला एकच काम येतें, पण तें चोख येतें. बलुतेदारांच्या गांवगाड्यांत सुतार लोहाराचें काम करीत नसे आणि लोहार कुंभाराचें. तरी नांगर तयार होई. आज्ञालेख लिहिणारा माणूस हा त्या गांवगाड्याचा पाटील होय. स्वतः त्याला थोडेंच करावयाचें असतें. कोणाचें काम कोणाच्या हातीं सोंपवावयाचें, हें मात्र त्याला नीट कळलें पाहिजे.

तरीहि थॉम्प्सन यांचा शेल भाषा या नांवास पात्र नव्हता. ती योग्यता त्याला स्टीफन बोर्न यांनीं आणून दिली. त्यांचा शेल १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. ‘असें असेल तर हें कर’, ‘या यादींतील प्रत्येकासाठीं हें कर’, अशीं वाक्यें आतां सरळ लिहितां येऊं लागलीं. बोर्न हे केंब्रिज येथें ‘अल्गॉल-६८’ या भाषेवर काम करून आलेले होते, आणि तिची लकब त्यांच्या शेलांत उतरली. वाक्य ‘इफ’ या शब्दानें उघडावें आणि तोच शब्द उलटा करून ‘फाय’नें मिटावें, ‘केस’नें उघडावें, ‘इसॅक’नें मिटावें. याच न्यायानें ‘डू’चें उघडलेलें वाक्य ‘ओडी’नें मिटावयाचें, परंतु त्या नांवाचा एक प्रोग्रॅम अगोदरच नांदत होता! तेव्हां तेथें ‘डन’ हा सरळ शब्द घालावा लागला. आज जो विद्यार्थी हे शब्द घोकतो, त्याला या घरगुती अडचणीची कल्पनाहि नसते.

पुढचा वंशविस्तार थोडक्यांत सांगतां येईल. बर्कली येथें बिल जॉय यांनीं ‘सी-शेल’ काढला. बेल लॅबोरेटरीजमध्येंच डेव्हिड कॉर्न यांनीं आपला शेल केला व १९८३ सालीं तो विद्वत्सभेपुढें मांडला. १९८७ सालीं लॅरी वॉल यांनीं ‘पर्ल’ ही भाषा प्रसिद्ध करून शेलला न झेपणारीं मजकुराचीं कामें तिच्याकडे दिलीं. १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं सर्वांस मोकळा असा एक शेल लिहिला व त्याला ‘बॅश’ हें नांव दिलें. बोर्न यांचें आडनांव आणि ‘जन्मलेला’ या अर्थाचा इंग्रजी शब्द यांच्या उच्चारसाम्यावर साधलेला तो श्लेष आहे. बोर्न यांचा शेल पुनः जन्मास आला, असा त्याचा भाव. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ च्या ऑगस्टांत आपल्या नव्या व्यवस्थेची, म्हणजे आजच्या ‘लिनक्स’ची, पहिली वर्दी दिली, तेव्हां तिच्यावर बॅश चालतो, हेंच त्यांनीं पुरावा म्हणून सांगितलें.

याच काळांत दुसरीकडे वारा उलट वाहत होता. चित्रांच्या खिडक्या आणि हातांत धरावयाचा माउस यांनीं संगणक घरोघर नेला, ही गोष्ट निःसंशय लोकहिताची झाली. परंतु त्याबरोबर असाहि समज पसरला कीं टंकून आज्ञा देण्याचा जमाना संपला. खिडक्यांवर वाढलेला कारभारी एका यंत्राची व्यवस्था झटपट लावी. यंत्रें ५०० झालीं कीं त्याचे हात गळत. कारण दाबलेलें बटन लिहून ठेवतां येत नाहीं. काल काय केलें, कोणत्या क्रमानें केलें, याचा मागमूस राहत नाहीं. आणि जें लिहितां येत नाहीं तें दुसऱ्याला शिकवितांहि येत नाहीं, पुनः तसेंच करतांहि येत नाहीं.

ही उणीव खिडक्यांच्या घरांतच ओळखणारा एक माणूस निघाला. मायक्रोसॉफ्टमधील जेफ्री स्नोव्हर यांनीं प्रथम युनिक्सचीं हत्यारें विंडोजवर आणून पाहिलीं. तीं चालेनात, कारण युनिक्सचा कारभार साध्या मजकुराच्या फाइलींत असतो, आणि विंडोजचा कारभार आंतील रचनाबद्ध माहितींत दडलेला असतो. तेव्हां त्यांनीं पाइपची कल्पना ठेवून तींतून वाहणारा पदार्थ बदलला: अक्षरांच्या ओळींऐवजीं गुणधर्मांसकट पूर्ण वस्तु एका आज्ञेकडून दुसरीकडे जाव्यात. १९६०-७० च्या सुमारास टेलिटाइपनें नांवें तोकडीं केलीं होतीं. येथें क्रियापद आणि नाम जोडून लांब, वाचतांच कळणारीं नांवें ठेवण्यांत आलीं. २००२ सालीं त्यांनीं हा विचार एका जाहीरनाम्यांत मांडला. त्या खटाटोपापायीं आपल्याला वरच्या पदावरून खालीं आणलें गेलें, हें त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. २००६ सालीं ‘पॉवरशेल’ या नांवानें तें हत्यार बाहेर आलें, आणि २०१६ सालीं तें लिनक्सवरहि चालूं लागलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमध्यें बॅशला जागा दिली. ज्या विद्येला मेलेली म्हटलें गेलें होतें, तिनें दोन्ही घरांत ठाण मांडलें.

येथवर गुण सांगितले. आतां दोष सांगणें प्राप्त आहे. २०१४ च्या सप्टेंबरांत स्तेफान शाझलास यांनीं उघड केलेला बॅशमधील एक दोष १९८९ पासून, म्हणजे जवळजवळ त्याच्या जन्मापासून, त्यांत वस्तीला होता. बाहेरून आलेल्या मजकुराला शेल आज्ञा समजून बसे, असें त्याचें स्वरूप. बोटें आणि फाइल यांत भेद न करणारा शेल, शत्रु आणि धनी यांतहि भेद करीना! परंतु याहून बोधप्रद गोष्ट जपानांतील क्योतो विद्यापीठांत घडली.

तेथील महासंगणकावर रोज नक्कल काढणारा एक आज्ञालेख चालत असे. जुन्या नोंदींच्या फाइली पुसणें हें त्याचें एक आनुषंगिक काम होतें. २०२१ च्या डिसेंबरांत यंत्रें पुरविणाऱ्या कंपनीनें तो सुधारला, आणि हेतु काय, तर लेख वाचावयास सुबोध व्हावा म्हणून त्यांतील कांहीं नांवें बदलावीं. परंतु जुना लेख चालूं असतांनाच नवा त्याच्या जागीं ठेवला गेला. शेल वाचतां वाचतां करणारा. अर्धा लेख त्यानें जुना वाचलेला होता, उरलेला मधूनच नवा वाचूं लागला. नव्या लेखांतील नांवांना अर्थ देणाऱ्या ओळी वर होत्या. त्या त्यानें पाहिल्याच नव्हत्या. जेथें ‘अमुक कपाटांतील जुन्या नोंदी पुसा’ असें असावयाचें, तेथें कपाटाचें नांवच रिकामें निघालें. परिणामीं नोंदींऐवजीं संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊं लागल्या. १४ तारखेच्या सायंकाळपासून १६ तारखेच्या दुपारपर्यंत हा संहार मुकाट्यानें चालला. सुमारें ३ कोटि ४० लक्ष फाइली, ७७ टेराबाइट इतका मजकूर गेला. १४ संशोधनगटांना त्याची झळ लागली, आणि त्यांपैकीं ४ गटांचें नुकसान भरून येण्याजोगें नव्हतें. चूक आपलीच असें कंपनीनें लेखी कबूल केलें.

या प्रसंगांत कोणी आळशी नव्हता, कोणी दुष्ट नव्हता. उलट लेख सुबोध करण्याची सदिच्छाच निमित्त झाली. माणूस स्वतः टंकीत असता, तर पहिली भलतीच फाइल पुसली जातांच त्याचा हात थबकला असता. लिहून ठेवलेल्या आज्ञेला हात असतात, डोळे नसतात. म्हणून या विद्येंतील जाणते लोक नवशिक्याला पहिल्या दिवशींच कांहीं नियम सांगतात. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं तीच आज्ञा नुसती यादी दाखविण्यापुरती चालवून पाहावी. रिकाम्या नांवापाशीं शेलनें थांबावें अशी तजवीज लेखाच्या आरंभींच करावी. चालू लेखाला हात लावूं नये. नवा लेख निराळ्या नांवानें लिहून मग एकदम जागेवर ठेवावा. आणि नक्कल परत आणून पाहिल्याशिवाय ती आहे असें समजूं नये.

शिकण्याचा मार्ग मात्र आरंभापासून एकच राहिला आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकावरून आपल्याकडील कित्येक विद्यार्थ्यांनीं या विषयाचीं पहिलीं अक्षरें गिरविलीं. तरी पुस्तक हें निमित्त. खरा गुरु म्हणजे स्वतःचें कंटाळवाणें काम. जें आपण तीनदां हातानें केलें, तें चौथ्यांदा लिहून काढावें. पहिला लेख तीन ओळींचा असावा, आणि तो स्वतःच्या उपयोगाचा असावा. अलीकडे साध्या वाक्यांत गरज सांगितली असतां आज्ञालेखाचा मसुदा करून देणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. त्यामुळें लिहिण्याचे श्रम कमी झाले, हें खरें. परंतु दुसऱ्यानें लिहिलेली आज्ञा आपल्या नांवानें सोडण्यापूर्वीं ती वाचतां येणें पूर्वींपेक्षां अधिक अगत्याचें झालें आहे. न वाचतां सही करणाऱ्या कारभाऱ्यांनीं घरें बुडविल्याच्या कथा आपल्याला नव्या नाहींत.

कोणी विचारील कीं कारभाऱ्यानें आपलें सारें काम असें लिहून ठेवलें, तर मग त्याला कोण ठेवणार? ही भीति अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं; ज्याचें सारें कौशल्य पुनरुक्तींत होतें, त्याची जागा आज्ञालेखानें खरोखरच घेतली आहे. परंतु जुन्या वाड्यांतील व्यवस्था आठवून पाहावी. कोणत्या कुळाकडून काय येणें, कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हें सारें एका कारभाऱ्याच्या डोक्यांत असे. त्याच्यावांचून पान हालत नसे, आणि तो गेला कीं घर वर्षभर चांचपडत राही. त्या माणसाची प्रतिष्ठा मोठी होती, हें खरें. पण ती घराच्या पांगळेपणावर उभी होती. आज्ञालेख लिहिणारा कारभारी आपलें ज्ञान कुलपांत न ठेवतां ओळींत ठेवतो. त्याच्या मागून येणारा तें वाचील, त्यांतील चूक काढील, आणि आपली एक ओळ त्यांत घालील. पूझां यांनीं परत जातांना मागें ठेवलेलें टिपण दुसऱ्या कोणीं वाचलें, म्हणूनच हा इतिहास घडला.